पत्त्यासकट बातमी

महोदय,

कालच्या अंकातली 'हायटेक सेक्स रॅकेट'ची बातमी वाचून संताप आला. पोलिसांनी व्हॉट्सअॅपवरून बोगस गिऱ्हाईक पाठवलं, बायका ताब्यात घेतल्या, आणि आपण इमारतीच्या नावासकट त्यांचा फोटो छापलात. तोंडाला ओढणी आहे म्हणे! सोसायटीतल्या लोकांना चप्पल बघूनही माणूस ओळखू येतो. धाडीत सापडलेल्या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, त्यासाठी प्रेस कौन्सिलने सूचना काढाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय. ती बातमी आपल्या कार्यालयात पोहोचली नसावी.

शेजारच्या चौकटीत लिहिलंय की मोबाइलमुळे या बायका 'स्वतंत्र' झाल्या. काही झाल्या, घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणारीचा, वाटा सुटला, हे खरंच. पण बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत मी आरोग्याच्या कामाला होते, तिथे गिऱ्हाइकाने हात उगारला तर आवाज ऐकून शेजारच्या खोल्यांतल्या जणी धावून यायच्या. फोनवर ठरवून अनोळखी लॉजवर गेलेलीने कुणाला हाक मारायची? सोबत म्हणून दोघींनी एक फ्लॅट घेतला, तर १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने तो कुंटणखाना.

लॉकडाउननंतर बऱ्याच जणींनी क्यूआर कोड घेतले. त्यातल्या एकीचं गल्लीतलं नाव वेगळं होतं. गिऱ्हाइकाने पैसे टाकले आणि त्याच्या मोबाइलवर तिचं बँकेतलं नाव आलं, आडनावासकट. त्याने ते हसत हसत मोठ्याने वाचलं. मग त्याच आडनावावरून फेसबुकवर तिचा भाऊ शोधून काढला आणि पैसे मागायला लागला, नाही तर गावी कळवतो. बिचारी देत राहिली. शेवटी नंबर बदलला, तर नेहमीची गिऱ्हाइकंही गेली. पोलिसांत चल म्हटलं, तर म्हणाली, "ताई, ते आधी मलाच विचारतील, तू तिथे काय करत होतीस?" हे स्वातंत्र्य चौकटीत बसलं नसावं.

आणि जाता जाता, त्याच अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'हायप्रोफाइल महिलांशी मैत्री करा, घरबसल्या कमवा' अशी जाहिरात आहे, खाली मोबाइल नंबर. नोंदणी फी भरून फसलेले लोक लाजेने बोलत नाहीत, म्हणून हे वर्षानुवर्षं चाललंय. त्या जाहिरातीचे पैसे आपण रोख घेता की क्यूआरवर?

– एक निवृत्त आरोग्य कार्यकर्ती, पुणे