गावातल्या दगडावर नावं कधी येणार?

संपादक महोदय,
स. न.

परवा सुट्टी होती म्हणून नातवाला घेऊन खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या 1668 कबरी आहेत तिथं, हिरवळ अशी राखलीय की चप्पल काढून चालावंसं वाटतं, आणि दगडांवर नाव, पलटण, तारीख सगळं कोरलेलं. नातू म्हणाला, आजी, आपल्या गावचे कुठंयत? मी म्हटलं ते बाहेरदेशी गेले होते रे, तिकडंच राहिले. पण माझं मलाच ते उत्तर पटेना.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात जी फौज गेली तिचं नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन. आपल्या शहराचं नाव! ती डिसेंबर 1915 पासून कुत-अल-अमारात वेढ्यात अडकली, खायला काही उरलं नाही तेव्हा घोडी-खेचरं कापली, धर्माचं म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी ते मांस खाल्लंच नाही, आणि शेवटी 29 एप्रिल 1916 ला शरणागती. मराठा पलटणीतली पोरं होती त्यात, पुढं कैदेत वाळवंटातून चालता चालताही कितीतरी गेली. त्यांचं स्मारक आहे बसऱ्याला, पण तिथल्या भिंतीवर गोऱ्यांची नावं, आपल्या अंमलदारांची नावं, आणि साध्या शिपायांचा नुसता पलटणवार आकडा. ही भेदाची वागणूक होती हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं, म्हणजे अशा कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, 2021 मध्ये कबूल केलं, माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

पण आपण तरी काय केलं? आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, 1914-1919 च्या लढाईला गावातून इतके गेले, पैकी तिघे कामी आले. नाव एकाचंही नाही. म्हणजे तिकडं आकडा, इकडंही आकडाच. त्यात पाटीवर दोनदा ऑइलपेंट बसलाय आणि वाढदिवसाचा फ्लेक्स नेमका तिथंच लागतो. कुणी म्हणतं ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक. अहो, पगारासाठी गेले असतील, दुष्काळामुळं गेले असतील, पण घरी कुणीतरी वाट बघत बसलंच होतं ना?

सगळीकडं असंच आहे असं नाही. नाईक यशवंत घाडगे 1944 ला इटलीत पडले, त्यांचं माणगावात स्मारक आहे आणि 2023 मध्ये तिकडं मोंतोनेतही झालं. पण ते व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालेले. बाकीच्यांचं कोण बघणार?

नावं सापडू शकतात, हे मुद्दाम सांगते. त्या कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, बऱ्याच शिपायांपुढं बापाचं नाव, गाव, तालुका दिलाय, फक्त स्पेलिंग असलं विचित्र की मोठ्यानं वाचल्याशिवाय गाव ओळखू येत नाही. मला आमच्या तालुक्यातलं एक नाव मिळालंय, गाव आमचंच का शेजारचं यावर भावकीत वाद चालू आहे.

तुमचे तालुक्या-तालुक्यात वार्ताहर आहेत. त्यांनी आपापल्या भागातल्या अशा पाट्यांचे फोटो काढून छापले तर घराघरातले लोक पुढं येतील. आमच्या पाटीचा फोटो मी पाठवतेच, आधी तो फ्लेक्स काढायला लावते.

आपली,
एक वाचक, बोपोडी, पुणे