वरच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न.

समोर आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या वर्षी अण्णांच्या वाढदिवसाला केक बाहेरून आणला होता. सासऱ्यांना शुगर. त्यांनी वरचं क्रीम चमच्यानं बाजूला सारलं, एक घास खाल्ला आणि बशी नातवापुढे सरकवली. स्वतःच्याच वाढदिवसाला. ते मला वर्षभर टोचत राहिलं. आणि यंदा तर पंच्याहत्तरी!

घरीच करायला घेतला. सगळी कणीक, साखरेच्या जागी गूळ. दोनदा केला, दोन्ही वेळा दडस झाला. तिसऱ्या वेळी तुम्ही तुमची बारीक चाळणी घेऊन खाली आलात. "साखर नुसती गोडीला नसते. अंड्याचा फेस तीच धरून ठेवते. कमी कर, पण काढून टाकू नकोस." चार अंड्यांना एरवीच्या १२० ग्रॅमऐवजी ८० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कणीक, तीनदा चाळून. तूप-तेल काही नाही. भांडं गरम पाण्यावर धरून फेटायचं.

पाच मिनिटांत मी थांबले. तुम्ही बीटर उचलायला लावलात आणि म्हणालात, पडणाऱ्या धारेनं फेसावर 'श्री' काढ. माझा श्री लगेच बुडाला. पुन्हा फेटलं, पुन्हा बुडाला. चौथ्या वेळी उमटला आणि तुम्ही दहा आकडे मोजेपर्यंत तसाच राहिला. तेव्हा कुठे पीठ घालू दिलंत, तेही हलक्या हातानं, खालून वर. १८० अंशांवर अर्ध्या तासात केक असा फुलून आला की मी ओट्यापाशी नुसती बघत उभी राहिले.

क्रीमऐवजी रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, हेही तुमचंच. अननस चिरून तसाच ठेवणार होते, तुम्ही हात धरलात: कच्च्या अननसानं चक्का कडू होतो, आधी वाफवून घे. आणि त्या लाल चेरीचा डबा तर तुम्ही उघडूच दिला नाहीत. बाजारातली ती चेरी बहुतेकदा पाकात मुरवलेलं करवंदच असतं. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे केगावला आहे, आणि आपण केकवर रंगवलेली करवंदं लावायची? 'भगवा' जातीच्या डाळिंबाचे दाणे सुती फडक्यावर कोरडे करून, कापायच्या अगदी आधी पसरले. आधी लावले असते तर पाणी सुटून चक्का गुलाबी झाला असता.

साखर यातही आहेच, त्यामुळे अण्णांचा तुकडा लहानच कापला. पण तो त्यांनी सगळा खाल्ला. बशीत सांडलेले चार दाणेसुद्धा बोटानं टिपून तोंडात टाकले. नातू बशीकडे बघत बसला होता, त्याला म्हणाले, "तुझा तू घे की."

काकू, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही नुसती कृती लिहून दिली असती, तर मी पाचव्या मिनिटालाच पीठ घातलं असतं.

चाळणी अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणते, सोबत अर्धा केक. चक्का आजच टांगलाय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची