जुना ट्रक गळतोय तर आधी थेंब कुठून येतोय ते बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या ट्रकबद्दल पेपरात येतं ते एकतर धुराबद्दल नाहीतर भंगारात काढण्याबद्दल, गाडी उभी राहिली की खाली जो काळा डाग पडतो त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी जुना ट्रक सांभाळतो, खाली झोपून पाना मीच मारतो, आणि एका वाक्याचा मला मनापासून राग येतो, "जुनी गाडी आहे, गळणारच". अहो ऑइल गाडीच्या वयामुळे गळत नाही, दोन भागांच्या सांध्यातलं पॅकिंग कडक झालं, फिरत्या शाफ्टभोवतीच्या रबरी सीलची कड झिजली, इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदर चोक झाला, बोल्ट ढिला राहिला नाहीतर गरजेपेक्षा जास्त आवळला, यातलं काहीतरी झालेलं असतं आणि यातलं प्रत्येक कारण शोधता येतं. शोधायचा कंटाळा करून रोज वरून ऑइल टाकत राहणं याला सांभाळणं म्हणत नाहीत.

हा प्रश्न फक्त मालकाच्या खर्चाचा असता तर संपादकांना पत्र लिहिलं नसतं. दर दहा सेकंदाला एक थेंब म्हटलं तर ऐकायला काहीच वाटत नाही, पण तासाला 360 थेंब होतात आणि दहा तासांत 3600, म्हणजे साधारण शंभर-दीडशे मिली ऑइल रस्त्यावर गेलं. उन्हाळाभर ते डांबरावर मुरतं आणि पहिल्या पावसात वर येऊन पसरतं, मग वळणावर ब्रेक मारणारा दुचाकीवाला घसरतो आणि त्याला कळत पण नाही की कशावरून घसरला.

आता मुद्द्याचं. ऑइल जिथे दिसतं तिथून ते बहुतेक वेळा गळत नसतं. गाडी चालताना वाऱ्याने ते मागे ढकललं जातं आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं, त्यामुळे खरी जागा डागाच्या वर आणि पुढच्या बाजूला शोधायची. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, मागचं पॅकिंग गळत असेल तर ऑइल हेडच्या मागून उतरून बेल हाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या कवचावरून, खाली येतं आणि खालून बघणारा छातीठोकपणे सांगतो की क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्स उतरतो, क्लच उतरतो, सील बदललं जातं, आणि चार दिवसांनी डाग परत तिथेच. म्हणून कोणी मागचं सील म्हटलं की आधी वरती टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरची बैठक कोरडी आहे का ते बघून घ्या. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचा रबर कधीकधी बैठकीलाच चिकटून राहतो आणि नवीन त्याच्यावरच बसवला जातो, मग दोन रबर एकावर एक आले की इंजिन चालू होताच ऑइल धो धो बाहेर.

शोधायची पद्धत साधी आहे पण धीर लागतो. इंजिन थंड असताना स्वच्छ धुवायचं, वायरिंगवर आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडावर पाणी जाऊ द्यायचं नाही, पूर्ण वाळवायचं आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारायची. मग इंजिन गरम होईपर्यंत चालवून बंद करायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं, पावडरवर ओली रेघ जिथे सुरू होते तिथेच गळती. ऑइल बोटावर घेऊन वास पण घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि इंजिन ऑइलला तो नसतो, एवढ्यावरून गिअरबॉक्स का इंजिन हा वाद मिटतो. पण डिझेलच्या नोजल पाइपवरची गळती चालू इंजिनवर हात लावून कधीच शोधू नका, तिथलं प्रेशर एवढं असतं की डिझेलची बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात जाऊ शकतो, तिथे पुठ्ठा धरून बघायचं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रीदर, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, येतोच, नवीन इंजिनात पण येतो, तो बाहेर जायला ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ती जाळी कचऱ्याने आणि चिकटाने बंद झाली की आतलं प्रेशर वाढतं आणि मग ते मिळेल त्या कमजोर जागेतून ऑइल बाहेर ढकलतं, आज पुढचं सील, उद्या टॅपेट कव्हर, परवा डिपस्टिकची नळी. मालक एकेक पॅकिंग बदलत बसतो आणि म्हणतो इंजिनच भिकार झालं. ब्रीदरची जाळी डिझेलमध्ये धुवून वाळवून बसवायला कितीसा वेळ लागतो? मी तर म्हणतो कुठलंही सील विकत आणायच्या आधी हे एक काम करा. ब्रीदर साफ असूनही ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, तिथे सील बदलून काही होणार नाही, तेव्हा इंजिनच्या कामाचाच विचार करावा लागतो.

डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या गोळ्याला, पण हाऊसिंगवर छोटा ब्रीदर असतो, चिखलाखाली तो दिसत सुद्धा नाही. तो बंद झाला की गरम झालेली हवा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल थेट ब्रेक लायनरवर. इथे गाडीचा जीव जातो! ऑइल प्यायलेला लायनर पकडत नाही, एका बाजूचा पकडतो दुसऱ्या बाजूचा नाही, आणि भरलेली गाडी उतारावर एका अंगाला ओढते. काही जण असे लायनर पेट्रोलने पुसून परत बसवतात, ते कृपा करून थांबवा, आत मुरलेलं ऑइल ड्रम तापला की परत वर येतं. लायनर बदलायचे तर त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, आणि आधी सील आणि ब्रीदर, नाहीतर नवीन लायनर पण वाया. डिफरन्शियलमध्ये ऑइल भरताना भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच, जास्त टाकलं म्हणून जास्त टिकत नाही, ते सीलमधून बाहेरच येतं.

पॅकिंग बसवताना घाई नडते. चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळले की कॉर्कचं पॅकिंग चिरडून बाहेर येतं आणि पत्र्याची कड प्रत्येक बोल्टपाशी आत दबते, मग कितीही नवीन पॅकिंग टाका, दोन बोल्टच्या मधे फट राहणारच. ती कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करून घ्यायची, जुनं पॅकिंग आणि तेलकटपणा पूर्ण काढायचा आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळायचे. सिलिकॉन पेस्ट म्हणाल तर बारीक रेघ पुरे. जाड थर दिला की आतल्या बाजूला फुगलेला तुकडा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, म्हणजे गळती थांबवायच्या नादात बेरिंग घालवली.

ऑइल सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवून बघा. जुन्या सीलच्या कडेने तिथे खाच पडली असेल तर नवीन सील त्याच जागी बसवून उपयोग नाही, एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसत असेल तर तसं बसवा नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवा. सीलच्या कडेला ऑइल लावून बसवायचं, कोरडं बसवलं तर सुरुवातीलाच जळतं. डिझेल पाइपचे तांब्याचे वॉशर शक्यतो नवीनच टाका, जुनेच वापरायचे असतील तर लाल तापवून थंड करा म्हणजे मऊ होतात. बाटलीतून टाकायचं गळती थांबवणारं औषध रबर थोडं फुगवतं, घरी पोचेपर्यंत ठीक आहे, फाटलेल्या सीलला किंवा तुटलेल्या पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही.

आणि डिपस्टिक रोज बघा, पण फक्त कमी झालंय का एवढंच नाही. ऑइल न टाकता लेव्हल वाढली असेल आणि काडीला डिझेलचा वास असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल चहाच्या रंगासारखं दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, दोन्ही वेळेला इंजिन चालू करू नका.

बाकी किरकोळ दुखणी बरीच असतात. दिवे मंद झाले की लोक बल्ब बदलतात, पण जुन्या गाडीत बहुतेक वेळा अर्थिंगची वायर गंजलेली असते, चॅसीवरची ती जागा घासून चकाकती करून परत आवळा. बॅटरी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते. एअर ब्रेकची गळती साबणाच्या पाण्याने सापडते, फेस आला की तो जॉइंट, आणि हवेच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सोडायचं. चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळायचेच. इंजिन गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकणारे पण आहेत, त्याने इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं, खरं कारण असतं चोक झालेला रेडिएटर, ढिला पट्टा नाहीतर रेडिएटरचं कमजोर झालेलं झाकण.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, एक्सलखाली भक्कम स्टँड द्या आणि मगच खाली जा, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. त्यात जड धातू आणि जळालेली विषारी द्रव्यं असतात आणि ती पाण्यात उतरतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते परत शुद्ध करणाऱ्यांकडेच द्यायचं, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू द्यायचं नाही, नाहीतर ते घेत नाहीत.

संपादक साहेब, आपल्या वाहन पुरवणीत नवीन गाड्यांची माहिती भरपूर असते. त्यातच एक कोपरा जुन्या गाड्यांच्या देखभालीला द्या, आणि तो गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या मिस्त्रींकडून लिहून घ्या. ब्रीदर कुठे असतो याचा एक फोटो छापलात तरी बरेच ट्रक गळायचे थांबतील.

आपला,
एक ट्रकवाला वाचक