काटा रोज दहाला चढतो : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रामटेक तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत, म्हणजे एका कपाटात, जुना वायुदाबमापक आहे. गेल्या डिसेंबरात सातवीच्या पोरांना दर तासाला त्याची नोंद करायला लावली. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तरी काटा सकाळी दहाच्या सुमारास चढायचा आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन मिलिबार उतरायचा. एरवी काटा उतरला की पावसाची चाहूल समजतात, म्हणून आठवड्यानं एका पोरीनं विचारलं, "सर, काटा रोजच खाली येते, मग पाणी काऊन येत नाही?"

तो काटा हवेची भरती-ओहोटी दाखवत होता. समुद्राला मुख्यतः चंद्र ओढतो, हवेला मुख्यतः सूर्य हलवतो. खालची वाफ आणि वरचा ओझोन ऊन शोषतात, तापतात, आणि त्या लाटा वर चढत जातात. वर हवा विरळ, म्हणून लाट फुगते. आमच्या कपाटात जेमतेम दिसणारी ही हालचाल शंभर किलोमीटरवर सेकंदाला काही दहा मीटर वेगाचे वारे होऊन वाहते.

पत्र लिहायचं कारण असं, की या वरच्या हवेवर नजर ठेवणारा कॅमेरा आमच्या भागात, पेंचला बसवावा. तो कशासाठी, ते सांगतो. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या थरात, पश्चिमेकडून जोराचा वारा गोल फिरत असतो. काही वर्षी खालून आलेल्या प्रचंड लाटा त्यावर आदळतात, तो मंदावतो, कधी उलटा फिरतो, आणि तिथली हवा काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी तापते. १९५२ साली बर्लिनमध्ये शेरहाग यांनी हे पहिल्यांदा टिपलं. वारा बदलला की त्यातून वर जाणाऱ्या भरतीच्या लाटांची वाटही बदलते. चंद्राची एरवी दुबळी असलेली, १२ तास २५ मिनिटांची भरती तर अशा वेळी चांगलीच जोर धरते. भजनात खंजिरी शेकोटीवर धरली की स्वर चढतो, हात तोच असतो. तसंच चंद्राची ओढ तेवढीच, पण हवेच्या आवरणाचा स्वर त्या ओढीशी जुळत येतो.

जानेवारी २००९ मध्ये असाच मोठा फेरबदल झाला, तेव्हा पेरूतल्या हिकामार्का रडारला विषुववृत्तावरचं आयनांबर, म्हणजे हवेचा खूप वरचा विद्युतभारित थर, सकाळी वर आणि दुपारी खाली ढकललं गेलेलं दिसलं. ध्रुव कुठे, पेरू कुठे! याच आयनांबरातून उपग्रहांचे संदेश आमच्या बांधावरच्या रोव्हरपर्यंत, म्हणजे जमीन मोजणीच्या यंत्रापर्यंत, येतात. मागच्या जानेवारीत आमच्या शेताच्या मोजणीत रोव्हर दुपारी अडला, त्याचं खापर मी ध्रुवावर फोडणार नाही. बांधावर मोठी चिंच आहे.

तिरुनेलवेलीला, कोल्हापूरला वरच्या हवेचे वारे मोजणारी रडारं बसवली गेली. विदर्भाचं काय? चुंबकीय विषुववृत्तावरून उचललं गेलेलं आयनांबर उत्तरेकडे जिथे दाट होत जातं, त्या उतारावर आम्ही आहोत. भरतीतला बदल इथे टिपण्यासारखा आहे. शिवाय २०२४ पासून पेंच हे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे. आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करून लावलेत. शंभरेक किलोमीटरवरची हवा रात्री अगदी मंद हिरवी उजळते, ती टिपणारा कॅमेरा बसवायला याहून काळोखी जागा शोधावी लागेल.

पावसाळ्याचे चार महिने तो कॅमेरा नुसता बसून राहील, हे कबूल. पण उत्तर ध्रुवाची ही गडबड बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीतच होते, आणि तेव्हा आमचं आभाळ बहुतेक रात्री मोकळं असतं. दिवसरात्र वारे मोजायचे तर उल्कांच्या शेपटांवरून वेग काढणारं रडार लागेल. ते दुसऱ्या टप्प्यात द्या, पण कॅमेरा येत्या हिवाळ्याआधी द्या. आणि त्याच्या नोंदी आमच्या पोरांना फुकट, त्याच दिवशी बघता आल्या पाहिजेत.

याआधी एका कार्यालयाला हेच लिहिलं होतं. "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे," असं उत्तर आलं. विभाग कोणता, ते नव्हतं. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. पोरांच्या वहीची प्रत सोबत जोडली आहे. १९ डिसेंबरची दुपार कोरी आहे, त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या खिशात घरी गेली होती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. रामटेक, जि. नागपूर