सेमार, संकासुर आणि एक काम

योग्यकार्ता, रविवार, रात्री

प्रिय विन्या,

बरो आसस मा? तू विचारशील, व्हॉट्सअ‍ॅप असताना पत्र कशाला. फोटो पाठवलेच आहेत, पण परवाची रात्र फोटोत मावत नाही. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

जावात येऊन आठ दिवस झाले. गावाला इथे सगळे 'जोग्जा' म्हणतात. बोरोबुदुर पाहिलं. वर चढायला रोज मोजकीच माणसं सोडतात, आणि आपल्या चपला काढून त्यांच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात, दगड झिजू नये म्हणून. त्या चपलेचं नाव 'उपानात'. म्हणजे आपल्या सरांनी पाठ करून घेतलेला संस्कृत 'उपानह'! शाळा सुटल्यापासून तो शब्द कधी कानावर पडला नव्हता, तो इथे पायात आला. वर जाळीदार स्तूप 72 आणि एकूण बुद्धमूर्ती 504. मी मोजल्या नाहीत, पण कितीतरींना डोकी नाहीत हे न मोजताही कळतं.

प्राम्बाननचं शिवमंदिर 47 मीटर उंच, नवव्या शतकातलं. कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण कोरलंय, ते प्रदक्षिणा घालत वाचत जायचं. माझ्या पुढे मुंबईचा एक ग्रुप होता. त्यातले एक काका दर दहा पावलांवर म्हणत, "सगळं आपल्याकडूनच आलंय बघा." मी गप्प बसलो. पण डोक्यात राहिलं ते.

आता मूळ गोष्ट. माझ्या गेस्टहाऊसच्या मालकिणीचा भाचा म्हणाला, आमच्या गावात 'बर्सिह देसा' आहे, येतोस? म्हणजे गावशुद्धी, सुगीनंतरची. आणि त्या रात्री वायांग कुलित, रात्रभर. कुलित म्हणजे कातडं. म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्या, पडदा आणि त्यावर सावल्या. आधी शहरातल्या संग्रहालयात दोन तासांचा खेळ पाहिला होता, पण तो म्हणजे लग्नाला न जाता नुसती पंगत उठवण्यासारखं. भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो, वाटेत पावसाने झोडपलं, आणि नऊच्या सुमारास मांडवात पोचलो तो भिजलेल्या कोंबड्यासारखा.

विन्या, मांडवात शिरलो आणि पाय थबकले. उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी. चटईवर आडवी झालेली पोरं. कडेला गाडीवर केळीच्या पानातला मूठभर भात, त्याला म्हणतात 'मांजराचा भात', कारण तेवढाच असतो. पेटी-मृदंगाच्या जागी काशाची ताटं आणि घंटा, एवढाच फरक. बाकी आपल्या जत्रेतला दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळच.

पडद्याखाली केळीचा आख्खा खांब आडवा टाकलेला. बाहुलीच्या शिंगाच्या दांड्याचं टोक त्यात खुपसायचं की ती उभी. दालांगच्या, म्हणजे सूत्रधाराच्या, उजव्या हाताला पांडव आणि डाव्या हाताला कौरव, अशी रांग लागलेली. सगळी पात्रं तो एकटा बोलतो, वादकांना इशारे देतो, पायाच्या बोटांत धरलेल्या ठोकळ्याने बाहुल्यांच्या लाकडी पेटीवर ठोके मारतो, आणि पहाटेपर्यंत उठत नाही. मी शहाण्यासारखा सावल्यांच्या बाजूला जाऊन बसलो, तर तिथे मी आणि चार पोरं. सगळं गाव दालांगच्या पाठीमागे! रंगवलेल्या बाहुल्या आणि त्याचे हात दिसतात म्हणून. पिंगुळीला ठाकरांच्या घरी आपण चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघत होतो, तेव्हा तू पडद्यामागे घुसला होतास आणि ओरडा खाल्ला होतास, आठवतं? तू बरोबर होतास.

गोष्ट महाभारतातली. पण भाचा कानात सांगत होता आणि मी हबकत होतो. इथे द्रौपदी एकट्या धर्मराजाची बायको. शिखंडी इथे स्रिकांडी, चक्क बाई, धनुर्धर, आणि अर्जुनाची बायको. आणि बिमा, म्हणजे आपला भीम, सगळ्यांना अरे-तुरे करतो. जावाच्या भाषेत मोठ्यांशी बोलायची वेगळी आदराची बोली आहे. हा पठ्ठ्या ती वापरतच नाही, देवांशीसुद्धा. का, तर तो खरं बोलतो. आपल्याकडे अशी माणसं कुडाळच्या बाजारात शोधावी लागत नाहीत.

मध्यरात्रीनंतर मांडवात एकदम जाग आली. पोरांना हलवून उठवलं. सेमार आला होता. ढेरपोट्या, बुटका, अर्जुनाचा नोकर, मागे त्याची तीन पोरं: गारेंग, पेत्रुक, बागोंग. व्यासांनी ही माणसं कधी पाहिलीसुद्धा नाहीत. पण हा नोकर मुळात देव आहे, बातारा गुरूचा, म्हणजे इथल्या शंकराचा, थोरला भाऊ. राजे त्याच्या सल्ल्याने चालतात. तासभर नुसते विनोद. भाच्याने भाषांतर सोडून दिलं, तोच लोळत होता. सरपंचासारखा एक गृहस्थ पुढे बसला होता, त्याच्याकडे बघून पेत्रुक रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल काहीतरी म्हणाला, आणि मांडव फुटला. मला एका शब्दाची गरज पडली नाही. आपल्या दशावतारातला संकासुर भटजीला छळतो, तेव्हा मागे बसलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना तरी कुठे मालवणी कळते?

तेव्हा त्या काकांचं वाक्य परत आठवलं. आलं असेल की आपल्याकडून. पण सेमार कुठून आला? स्रिकांडीला बाई कुणी केलं? आपण दिलं म्हणून मिरवायचं, तर त्यांनी त्याचं काय केलं हे बघायला निदान एक रात्र जागावं माणसाने.

अर्थात मी तरी कुठला जागतोय. तीनच्या सुमारास युद्ध सुरू झालं आणि मी झोपलो. शेजारच्या आजीबाईंनी खांद्याला हलवून कॉफीचा ग्लास हातात दिला. इथे कॉफी गाळत नाहीत. मी भाबडेपणाने शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, तोंडभर चोथा. आजीबाई हसून हसून बेजार. उजाडताना दालांगने पानाच्या आकाराची ती डोंगराची बाहुली, गुनुंगान, पडद्याच्या मधोमध रोवली, खेळ संपला. दहीहंडी तेवढी फुटली नाही.

तर काम हे. तुझ्यासाठी एक सेमार घेतलाय, हातभर उंच, छिन्नीने कोरलेला. विकणारा म्हणाला, कोरड्या जागी ठेवा. कुडाळात जूनपासून कोरडी जागा कुठली! तुझ्या घरात पुस्तकांना बुरशी येते, कातडं कसं टिकणार? पिंगुळी तुला हाकेच्या अंतरावर. जाऊन विचार, ते पावसाळ्यात बाहुल्या कशात ठेवतात, चुलीच्या वर टांगतात की काय. मी पंधरा तारखेला पोचतोय, त्याच्या आत विचारून ठेव. आणि काकींना सांग, शेंगा उकडून ठेवा.

तुझा,
बाळ्या