आई, वहिनीच्या मरियेबद्दल

आई,

फोनवर तू इतकी तापलेली होतीस की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही, म्हणून लिहून पाठवतेय. दादाला वाचून दाखवायला सांगू नकोस, चष्मा लाव आणि तूच वाच.

तर आपण प्रोटेस्टंट आणि वहिनी कॅथलिक, तिने हॉलमध्ये टीव्हीशेजारी येशूच्या आईचा, मरियेचा पुतळा ठेवलाय, पुढे मेणबत्ती लावते, संध्याकाळी जपमाळ म्हणते, आणि तुमच्या प्रार्थनासभेतल्या बायका चहा पिऊन जाता जाता म्हणाल्या की घरात मूर्तिपूजा शिरली. मग तू वहिनीला बायबलच्या दहा आज्ञांतली दुसरी, कोरीव मूर्ती करू नको, ही ऐकवलीस. आता यात एक गंमत आहे, कॅथलिक लोकांच्या मोजणीत कोरीव मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरलेली असते, त्यांची दुसरी आज्ञा म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. (लूथरन लोकही तसंच मोजतात, ते तर प्रोटेस्टंट!) त्यामुळे तू 'दुसरी आज्ञा मोडतेस' म्हणालीस तेव्हा ती बिचारी विचार करत बसली असेल की मी देवाची शपथ कधी घेतली.

इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टला डोम चर्च आहे, माझ्या ऑफिसपासून चालत जवळच. पूर्वी कॅथलिक कॅथेड्रल होतं, आता प्रोटेस्टंट. आत बाजूच्या एका चॅपलमध्ये दगडात कोरलेला जुना वेदीपट (वेदीमागचं शिल्प) आहे, रंग अजून शिल्लक आहेत, वस्त्रांच्या चुण्या, हाताची बोटं सगळं दिसतं, फक्त चेहरे नाहीत. एकेक चेहरा छिन्नीने सपाट केलाय. रागाच्या भरात आडवातिडवा घाव घातलाय असं वाटत नाही, नीट बघून, निवडून काढल्यासारखं दिसतं. 1566 च्या ऑगस्टमध्ये या भागात चर्चमधले पुतळे फोडायची लाट आली होती, आणि 1580 मध्ये उट्रेक्टला कॅथलिकांच्या उघड उपासनेवर बंदीच आली, मग ते लोक घरांच्या आत लपून मिस्सा (त्यांची उपासना) करायचे. ज्यांनी हे केलं ते आपल्याच बाजूचे, बायबल वाचणारे, आणि त्यांच्याकडेही हीच आज्ञा होती जी तू ऐकवलीस. मी तिथे उभी राहून म्हटलं, पुतळे काढायचेच होते तर काढून ठेवायचे ना, तोंडं कशाला तासायची? पण हे माझं मत झालं, मुद्दा पुढे आहे.

मुद्दा असा की कॅथलिक चर्च स्वतःसुद्धा पुतळ्याची पूजा करा असं म्हणत नाही. 787 साली नायसियाच्या दुसऱ्या चर्च-परिषदेत ठरलं की आराधना फक्त देवाची, संतांना आणि प्रतिमांना फक्त मान, आणि तो मान प्रतिमेवर न थांबता जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीला पोचतो. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तेच परत बजावलं, वर बिशपांना सांगितलं की यातली अंधश्रद्धा आणि पैसे उकळणं बंद करा, म्हणजे तसं चालत होतं हे त्यांनाही कबूलच होतं. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनला हा फरक पटला नाही, तो म्हणायचा की नावं दोन ठेवली तरी गुडघे टेकणाऱ्या माणसाच्या मनात एकच चालू असतं. आणि खरं सांगू, हरेगावच्या यात्रेत मतमाउलीपुढची, म्हणजे मरियेपुढची गर्दी बघितली तर कॅल्विनचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. पण वहिनीच्या मनात काय चालू असतं ते वहिनीलाच विचारायला हवं, प्रार्थनासभेतल्या बायकांना कसं कळणार?

मी विचारलं तिला, व्हिडिओ कॉलवर. ती म्हणाली, मी मरियेकडे काही मागत नाही, माझ्यासाठी प्रार्थना कर एवढंच म्हणते. आता इथे खरा वाद आहे आई, पुतळ्यात नाहीये. जपमाळेतल्या त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग सरळ लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचं बोलणं, त्यावर तू आक्षेप घेऊच शकत नाहीस. दुसरा अर्धा भाग, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, हा नंतर जोडलेला, आणि आपलं भांडण तेवढ्यापुरतं. तू म्हणतेस देवाकडे जायला वशिला कशाला, 1 तीमथ्य 2:5 मध्ये एकच मध्यस्थ सांगितलाय. ती म्हणते मग तुम्ही प्रार्थनासभेत एकमेकींना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' का सांगता? तू म्हणशील त्या जिवंत आहेत. ती म्हणेल ख्रिस्तात गेलेले काय मेलेत? आणि प्रकटीकरणात संतांच्या प्रार्थना धुपासारख्या वर जातात ते दाखवेल, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला यिर्मया दाखवेल जो मेल्यावरही लोकांसाठी प्रार्थना करतो, पण ते पुस्तक त्यांच्या बायबलच्या 73 पुस्तकांत आहे आणि आपल्या 66 मध्ये नाही, म्हणजे तिथे बोलणंच संपलं.

आता रागावू नकोस. बाबांच्या फोटोला तू रोज हार बदलतेस आणि सकाळी चहा टाकताना दिवसभराचं सगळं त्यांना सांगतेस, गॅस सिलेंडर कधी येणार इथपासून. तू म्हणशील मी त्यांच्याकडे काही मागत नाही. अगदी बरोबर, मागत नाहीस, आणि आपल्यात आणि कॅथलिकांमध्ये फरक आहे तो एवढाच, पण आहे, तो मी पुसत नाहीये. गेलेली माणसं आपलं ऐकतात आणि त्यांना विनंती करावी असं पवित्र शास्त्रात मला कुठे दिसत नाही, म्हणून मी स्वतः संतांना हाक मारत नाही आणि मारणारही नाही. 1530 च्या आउग्सबुर्गच्या विश्वासाच्या कबुलीत लूथरच्या लोकांनी हेच लिहिलंय, संतांची आठवण ठेवा, त्यांच्या विश्वासावरून शिका, पण त्यांचा धावा करू नका. गंमत म्हणजे हाच लूथर 1505 मध्ये वादळात सापडला तेव्हा संत अॅनाच्या नावाने ओरडला होता, मी मठात जाईन म्हणून, आणि गेलाही.

पण 'मूर्तिपूजा' हा शब्द तू वहिनीसाठी वापरू नकोस ग. तो आरोप फार मोठा आहे आणि तिच्यावर लागू नाही. आणि मरियेचं नाव आपल्याला काही परकं नाही, पुण्यात कॅम्पातलं 1825 चं सेंट मेरीज चर्च कोणाचं? आपल्याच बाजूचं ना. कॅथलिकांचं क्वार्टर गेटचं सिटी चर्च तर पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, पुण्यात हे दोन्ही आपल्या दोघींच्या आधीपासून नांदतायत.

तिने पुतळा हॉलमधून स्वतःच्या खोलीत न्यावा असं तुला वाटत असेल तर तसं मोकळेपणी सांग, घर तुझंही आहे, पण वचनं फेकून नको. आणि 30 ऑगस्टपासून तिचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होईल, 8 सप्टेंबरच्या मरियेच्या जन्माच्या सणापर्यंत. जपमाळेला तू बसू नकोस, तुला पटत नाही तर कशाला बसायचं, पण आधी लूकचा पहिला अध्याय वाचायला तू येशील का असं तिने मला विचारून ठेवलंय, तुला थेट विचारायची तिची हिंमत होत नाहीये. 46 व्या ओवीपासून वाच, तो मरियेच्या स्तोत्राचा भाग. हरेगावला ती दादाबरोबर जाणार आहे, तेव्हा रात्रीच्या प्रवासाला डबा दे, मागच्या वेळी स्टँडवरचं खाऊन दादाचं पोट बिघडलं होतं.

बाकी शनिवारी फोन करते, तुमच्या संध्याकाळी. बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुझी
चिंगी