मंजे, विनूदादाची आठवण आली म्हणून

प्रिय मंजे,

टमी टक झालं, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू शिवायचं ऑपरेशन. तब्येत ठीक आहे. टाके कोरडे आहेत, ड्रेनही निघाले. २४ तासांत ३० मिलीच्या खाली पाणी आल्याशिवाय काढत नाहीत, तोवर कमरेला त्या नळ्या अडकवून घरभर फिरत होते.

परवा रात्री उजवी पोटरी ताठल्यासारखी झाली. घरात कुणाला काय सांगणार? सासूबाई मायेनेच म्हणतात, "एवढं पोट शिवलंय, पडून राहा." आणि मला विनूदादा दिसतो. प्लास्टरमधला पाय दुखतो म्हणत होता आणि सगळे त्याला हेच सांगत होते. तुझ्याशिवाय हे कोणाला कळेल गं?

सर्जननी पहिल्याच दिवशी उठवून चालवलं होतं. कमरेत वाकून, टाक्यांवर ताण न देता, पण चालायचंच. पोटाच्या या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती असते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, अचानक धाप, छातीत कळ, यातलं काहीही झालं तर तडक कॅज्युअल्टी गाठायची. मी तेच केलं. डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, गुठळी नाही. तरी रात्री जाग आली की दोन्ही पोटऱ्या चाचपून बघते, एक जास्त गरम तर नाही ना.

सिंहगडावर मला अर्ध्या वाटेत टाकून पुढे गेली होतीस, तो राग अजून आहे हं! आता ये आणि माझ्या चालीने गॅलरीत फेऱ्या मार.

चिकूला उचलता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. त्याच्या वेळी फाकलेले स्नायू आतून शिवलेत, त्यामुळे सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. तो हात वर करून उभा राहतो. मग मी सोफ्यावर गुडघ्यांखाली उशी घेऊन टेकते आणि तो स्वतःच चढून बाजूला येतो, पोटावर बांधलेल्या पट्ट्यावरून हळूच बोट फिरवतो. बेंबीखाली अजून बधिर आहे, म्हणून त्याचं बोट कुठवर आलं ते बघूनच कळतं.

आत्यांना हर्निया सांगितलंय. तूही तेच सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिकच मिळू दे. काकूंचा मोतीबिंदू उरकला का?

रविवारी फोन कर, पण हॉस्टेलच्या मेसचे किस्से नकोत. हसू आलं की पोटाशी उशी दाबून धरावी लागते.

तुझी,
शमा